चाकू हरवलेले गाव

मनुष्याच्या नित्य सहवासात ज्या वस्तू असतात, त्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. तलवारीस बखरकार मिळाले, राजदंडास भाट मिळाले. खिशातल्या घडीच्या चाकूस मात्र दोन ओळींचीही जागा कोणी दिली नाही. तो हरवला म्हणजे त्याची किंमत कळते. आंबा चिरावयाचा असतो, पेन्सिलीस टोक काढावयाचे असते, सुतळी तोडावयाची असते. हात सवयीने खिशाकडे जातो आणि रिकामा परततो. बाजारात दुसरा चाकू मिळत नाही असे नाही. परंतु पहिल्याची मूठ आपल्याच तळव्याने गुळगुळीत झालेली असते, त्याच्या पात्याचा स्वभाव आपणांस ठाऊक असतो. नव्या चाकूशी ओळख होण्यास काही महिने जावे लागतात.

एका माणसाचा चाकू हरवणे ही नित्याची गोष्ट झाली. परंतु एका संपूर्ण गावाचा चाकू हरवावा, तो परत मिळविण्यासाठी गावाने कंबर कसावी, आणि तो हाती येतो न येतो तोच गावाचे नावच दुसऱ्याच्या मालकीचे व्हावे, ही हकीकत विरळाच म्हटली पाहिजे. फ्रान्स देशात ती घडली. आमच्या वाचकांस ती परकी वाटणार नाही, अशी आमची समजूत आहे. स्थान, परंपरा आणि नाव यांच्या ताटातुटीचा अनुभव गोमंतकास आणि सीमाभागास काही नवा नाही.

फ्रान्सच्या दक्षिण भागात, आव्हेरों जिल्ह्यात, ओब्राक नावाचे उंच पठार आहे. हिवाळ्यात तेथे बर्फ पडते, उन्हाळ्यात कुरणे हिरवी होतात आणि गुराखी आपली खिल्लारे घेऊन पठारावर चढतात. या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 1000 मीटर उंचीवर, लायोल हे लहानसे गाव वसलेले आहे. त्याची वस्ती हजार-बाराशेच्या घरातली. गावाचे नाव लिहिताना फ्रेंच लोक त्यात ‘ग’ हे अक्षर घालतात, पण तेथील मनुष्य ते उच्चारीत नाही. तिकडच्या जुन्या ऑक्सितान बोलीत या नावाचा अर्थ ‘लहान देऊळ’, म्हणजे छोटे चर्च, असा होतो असे सांगतात.

या भागातील शेतकऱ्याजवळ पूर्वी सरळ, न मिटणारी सुरी असे. उन्हाळा संपला की येथील अनेक लोक पोटासाठी पिरिनीज पर्वत ओलांडून स्पेनात मोलमजुरीस जात. तेथून येताना त्यांनी ‘नाव्हाखा’ नावाचा घडीचा स्पॅनिश चाकू बरोबर आणला, असे सामान्यतः मानले जाते. गावची सुरी आणि परदेशची घडी यांचा मेळ घालून लायोलच्या कारागिरांनी आपला स्वतंत्र चाकू घडविला. पिएर-झाँ काल्मेल्स या तरुण लोहाराने 1829 साली तो प्रथम बनविला, अशी तेथील परंपरा आहे. बारीक कमरेची डौलदार मूठ, निमुळते पाते, आणि पाठीवर पोलादी कमान, असे त्याचे रूप हळूहळू स्थिर झाले. मुठीस शिंग वापरीत. गुराख्यांच्या मुलुखात शिंगांस काय तोटा!

हा चाकू शोभेचा नव्हता, त्याचा प्रत्येक भाग कामातून जन्मास आला. 1840 च्या सुमारास त्यास एक आरी जोडण्यात आली. ओले गवत अधिक खाल्ले की गाईचे पोट फुगते आणि वेळीच वायू मोकळा न झाल्यास जनावर दगावते. अशा वेळी गुराखी त्या आरीने नेमक्या जागी छिद्र पाडून जनावर वाचवी. कातड्याच्या वाद्या टोचण्यासही तीच कामास येई. जेवणाच्या वेळी प्रत्येक पुरुष आपला चाकू खिशातून काढी, भाकरी आणि चीज त्यानेच कापी. घरातील वडील माणसाने आपला चाकू मिटला म्हणजे जेवण आटोपले असे समजण्याची रीत होती. मित्रास चाकू भेट द्यावयाचा तर घेणाऱ्याने एक नाणे द्यावयाचे असते, नाहीतर मैत्रीचा धागा कापला जातो, अशी समजूत फ्रान्समध्ये अद्यापि आहे. मुठीवर बारीक खिळ्यांनी क्रूस उमटविण्याची चाल आहे. माळरानावर चर्च नाही, पुरोहित नाही. तेव्हा मेंढपाळ चाकू जमिनीत रोवून त्या क्रुसासमोर प्रार्थना करी, असे त्याचे कारण सांगतात. नित्याच्या हत्यारातच देव पाहण्याची ही वृत्ती, दसऱ्यास कोयता आणि विळी पुजणाऱ्या आपल्या घरांत कोणासही समजावून सांगावी लागणार नाही.

चाकूच्या कमानीच्या टोकाशी मधमाशीची आकृती असते. नेपोलियनने गावच्या शौर्यावर प्रसन्न होऊन ही राजचिन्हातील माशी बहाल केली, अशी आख्यायिका विक्रेते मोठ्या हौसेने सांगतात. परंतु नेपोलियन 1821 साली मरण पावला आणि चाकू जन्मला त्यानंतर आठ वर्षांनी. शिवाय माशीची आकृती विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आली. दंतकथेवाचून गावास महत्त्व येत नाही, ही समजूत सर्व देशांत सारखीच दिसते.

ओब्राकचे लोक पुढे स्पेनऐवजी पॅरिसकडे वळले. प्रथम त्यांनी घरोघर पाणी आणि कोळसा पोहोचविण्याचे काम पत्करले. मग लहानसहान मद्यगृहे व उपाहारगृहे उघडली, आणि पॅरिसच्या त्या धंद्यात त्यांनी आपला जम बसविला. पोटासाठी शहरात गेलेला हा समाज गावचा चाकू विसरला नाही. उलट, त्याच्याच मागणीवरून 1880 च्या सुमारास चाकूस बाटलीचे बूच काढण्याचे मळसूत्र जोडण्यात आले. गुराख्याचा चाकू अशा रीतीने वाढप्याच्या खिशात जाऊन बसला. दूर गेलेली माणसे गावच्या वस्तूस नवे रूप देतात आणि त्याच वेळी तिचा लौकिक वाढवितात. इंदूर-बडोद्याकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या स्वयंपाकघरांतही हाच प्रकार दिसून येईल.

परंतु लौकिक वाढला आणि तेथेच गावाच्या हानीस आरंभ झाला. मागणी एवढी झाली की उंच पठारावरच्या चार-दोन भट्ट्यांस ती पुरविणे अशक्य झाले. उत्तरेस तिएर नावाचे शहर आहे. सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यात ते अनेक शतकांपासून प्रसिद्ध. ड्युरोल नदीच्या अरुंद घळीत पाणचक्क्यांवर तेथील सहाणी फिरत. धार लावणारे कारागीर फळीवर पालथे पडून काम करीत, आणि थंडीत ऊब यावी म्हणून पायांवर कुत्रा बसवीत. लायोलमध्ये एकच कारागीर चाकू आरंभापासून शेवटपर्यंत घडवी. तिएरमध्ये एकाने पाते ठोकावे, दुसऱ्याने पाणी द्यावे, तिसऱ्याने धार लावावी, चौथ्याने मूठ बसवावी, अशी कामाची वाटणी होती. स्वस्ताई आणि संख्या या दोन्ही बाबतींत गाव शहरापुढे टिकणे शक्यच नव्हते. पुढे 1914 ते 1918 च्या महायुद्धात गावोगावचे तरुण कामी आले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत लायोलमधील भट्ट्या जवळजवळ थंड झाल्या होत्या. गावात दुकाने राहिली. चाकूही विकले जात. पण त्यांतले बहुतेक तिएरहून येत. गावाचे नाव पात्यावर होते, गावाचा हात मात्र त्यात नव्हता.

सुमारे दोन पिढ्या अशाच गेल्या. मग गावातील काही मंडळींच्या मनाने घेतले की आपला चाकू आपल्याच गावात पुन्हा घडला पाहिजे. त्यांच्या खटपटीतून 1987 साली तेथे नवा कारखाना उभा राहिला. इमारतीची रचना फिलिप स्तार्क या ख्यातनाम रचनाकाराने केली, आणि छपरातून आकाशात घुसणारे सुमारे 18 मीटर उंचीचे पाते तिच्यावर बसविले. त्या पात्याचे कौतुक प्रवाशांनी करावे. आम्हांस अधिक मोल वाटते ते त्याखाली पुन्हा पेटलेल्या भट्टीचे. एकाच कारागिराच्या हातून शंभराहून अधिक क्रियांनी एक चाकू सिद्ध होण्याची जुनी पद्धत तेथे पुन्हा सुरू झाली. इतर कारागीरही गावात परतू लागले. हरवलेला चाकू सापडला, असे गावास वाटले.

इतक्यात दुसरेच संकट उभे राहिले. 1993 साली पॅरिसलगतच्या एका व्यापाऱ्याने ‘लायोल’ हे नाव अनेक प्रकारच्या मालासाठी आपले व्यापारचिन्ह म्हणून कायदेशीररीत्या नोंदवून घेतले. त्या गृहस्थाचा ना गावाशी संबंध, ना चाकूच्या कलेशी. तरीही गावाचे नाव लावून परदेशात तयार झालेला माल विकण्याचा परवाना तो इतरांस देऊ लागला, आणि खुद्द गावकऱ्यांस आपल्या गावाचे नाव आपल्याच मालास लावताना वकिलास विचारण्याची पाळी आली. गावाने दाद मागितली. 1999 साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, ‘लायोल’ हा शब्द आता एका विशिष्ट घाटाच्या चाकूचे सामान्य नाम झाला आहे. म्हणजे गावाची कीर्ती एवढी पसरली की ती गावाची उरली नाही! 2012 साली आणखी एक दावा फेटाळला गेला, तेव्हा नगराध्यक्षासह गावकऱ्यांनी जमून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरविली. ज्या नावावर आपला अधिकार नाही ते मिरवावे कशाला, हा त्या निषेधाचा अर्थ होता.

तथापि गावाने चिकाटी सोडली नाही. 2014 सालीही अपील फेटाळले गेले. परंतु 2016 साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अंशतः रद्द केला, आणि 2019 साली पॅरिसच्या अपील न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल देऊन त्या व्यापाऱ्याकडील अनेक नोंदी रद्दबातल ठरविल्या. सव्वीस वर्षांनी नाव घरी आले. या प्रकरणाचा बोभाटा होऊन आणखी एक गोष्ट घडली. पूर्वी फ्रान्समध्ये भौगोलिक नावाचे संरक्षण मद्य, चीज अशा खाद्यपेयांसच मिळे. 2014 च्या कायद्याने ते हस्तोद्योगाच्या वस्तूंसही लागू करण्यात आले. त्यानुसार 2022 साली लायोल चाकूसाठी अशी मान्यता देण्यात आली. पण ती देताना तिएरचा प्रदेशही त्यात समाविष्ट केला गेला, आणि गावच्या कारागिरांनी त्यावर हरकत घेतली.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. कारण खरा प्रश्न येथेच आहे. चाकू कोणाचा? जेथे तो जन्मला त्या गावाचा, की गावाने टाकल्यावर ज्यांनी तो दोन पिढ्या जगविला त्या तिएरकरांचा? व्यापाऱ्याविरुद्ध गावाची बाजू न्याय्य होती, याविषयी आमच्या मनात शंका नाही. तिएरविरुद्धही ती तितकीच न्याय्य आहे काय?

फ्रेंच भाषेत ‘जानोचा चाकू’ असा एक वाक्प्रचार आहे. जानोने आपल्या चाकूचे पाते अनेकदा बदलले, मूठही अनेकदा बदलली. तरी तो म्हणे, हा माझा तोच जुना चाकू. फ्रेंच लोक हे थट्टेने म्हणतात. आपल्याकडे हाच प्रश्न थट्टेचा झाला नाही. नागसेनाने मिलिंद राजास रथाचे चाक, आस, जू एकेक करून दाखवून विचारले होते की, यांत रथ कोणता. आणि देवस्थानांच्या व्यवहारात तर आपण या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष जगत आलो आहो. मंदिर जीर्ण झाले की जीर्णोद्धार होतो. भिंती नव्या, शिखर नवे, प्रसंगी मूर्तीही नवी घडवून तिची प्रतिष्ठा करतात. पण देव बदलला असे कोणी म्हणत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलाखालील मुलुखातून देवता पलीकडे अंत्रुज महालात नेण्यात आल्या. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. स्थान सुटले, परंतु पूजा करणारे हात बरोबर गेले आणि नावही बरोबर गेले. म्हणून त्या भक्तांनी देव गमावला नाही.

लायोलच्या हकीकतीस हेच माप लावून पाहावे. स्थान, हात आणि नाव या तीन गोष्टी एकत्र असतात तोवर कोणताच प्रश्न उद्भवत नाही. त्या विभक्त झाल्या म्हणजे कोणती कोणाबरोबर गेली ते पाहावे लागते. तिएरजवळ स्थान नव्हते, पण हात होते. त्यांनी घाट राखला, कमान राखली, कारागिरी नष्ट होऊ दिली नाही. त्यांचा हक्क नाकारणे म्हणजे ज्या दाईने मूल वाढविले तिला उंबऱ्याबाहेर उभे करणे होय. व्यापाऱ्याजवळ स्थानही नव्हते आणि हातही नव्हते. केवळ नोंदणीचा कागद होता. आणि गावाचे काय? 1987 पूर्वी त्याच्याजवळ स्थान होते, स्मृती होती, हात नव्हते. आमच्या मते गावाचा हक्क पुन्हा सजीव झाला तो न्यायालयाच्या निकालाने नव्हे, भट्टी पेटली त्या दिवशी. गावाने केवळ दावे लढविले असते आणि ऐरण थंडच ठेवली असती, तर नाव परत मिळूनही पोकळच राहिले असते.

ही केवळ परदेशची गोष्ट नव्हे. उत्तर हिंदुस्थानातील रामपूर शहराचा घडीचा चाकू एवढा प्रसिद्ध झाला की ‘रामपुरी’ हा शब्द मराठीत सामान्य नामासारखा रूढ झाला. चित्रपटांनी त्यास खलपुरुषाच्या हाती देऊन त्याचा लौकिक पसरविला आणि अब्रू घालविली. 2023 साली रामपुरात एका चौकात सुमारे 20 फूट लांबीचा चाकू उभारण्यात आला. पण चाकू घडविणाऱ्या कारागिरांची संख्या मात्र पूर्वीच्या मानाने फारच घटलेली आहे. चौकातील स्मारक मोठे आणि गल्लीतील भट्टी लहान, असे झाले म्हणजे वस्तू अर्धी हरवलीच म्हणावयाची.

याच्या उलट उदाहरण बेळगाव भागातील वाचकांच्या पायांत आहे. ‘कोल्हापुरी’ चप्पल नावाने कोल्हापूरची. पण ती शिवणारे हात अथणीसारख्या गावांतही पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. 2019 साली तिला भौगोलिक नामाचे संरक्षण लाभले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांस मिळून. सीमेच्या दोन्ही बाजूंचे राजकारण काही म्हणो, चामड्याने आणि टाक्याने एकत्र नांदण्याचा मार्ग काढला. 2025 साली इटलीतील एका वेषभूषा-प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला मूळ गावाचा उल्लेख न करता मांडण्यात आल्या, तेव्हा दोन्ही बाजूंचे कारागीर एका स्वरात बोलले. नाव वाटून घेतल्याने कमी झाले नाही, उलट त्यास राखणदार अधिक मिळाले. लायोल आणि तिएर यांनी यावरून काही शिकावे, असे सुचविण्याचा मोह आम्हांस होतो.

आता राहिला तो एकटा मनुष्य, ज्याचा चाकू हरवला आहे आणि ज्यास दुसरा हवा आहे. बाजारात लायोल नावाचे चाकू ढिगाने मिळतात. नाव पाहून घेतला तर फसगत ठरलेली. जाणता ग्राहक नाव शेवटी वाचतो. प्रथम तो कमान आणि माशी पाहतो. उत्तम कामात ती दोन्ही एकाच पोलादी तुकड्यातून घडविलेली असतात, हलक्या मालात माशी वरून चिकटविलेली असते. मग पाते मुठीत नीट मधोमध बसते काय, कमानीचा दाब उघडताना आणि मिटताना एकसारखा आहे काय, हे तो बोटांनी पारखतो. शेवटी विचारतो तो एवढेच की, हा कोणी आणि कोठे घडविला. दुकानदारास ज्याचे उत्तर देता येते, तो चाकू घेण्याजोगा.

घरातील जुन्या अडकित्त्याविषयी, समईविषयी, विळीविषयी आम्ही वाचकांस हेच सांगू. ती वस्तू हरवली वा मोडली तर तशीच दिसणारी वस्तू शहरातल्या दुकानातून आणणे सोपे आहे. त्याआधी एकदा चौकशी करावी, की ती घडविणारा तांबट, कासार वा लोहार आपल्या पंचक्रोशीत अजून काम करतो काय. करीत असल्यास त्याच्याकडे जावे आणि चार दिवस थांबून, चार पैसे अधिक देऊन, नवी वस्तू त्याच्याच हातून घडवून घ्यावी. लायोलला आपली विझलेली भट्टी पुन्हा पेटविण्यास दोन पिढ्या वाट पाहावी लागली. ज्या गावांत ती अजून विझलेली नाही, तेथील लोकांचे काम त्यामानाने फारच सोपे आहे.